फोनमधल्या त्या नोंदींसाठी, डेल ज्युनिअर, मनापासून आभार

प्रिय डेल ज्युनिअर यांस,
सप्रेम नमस्कार.

काल मी इथल्या, अमेरिकेतल्या आय-७७ महामार्गावरून एकटीने गाडी चालवली. मूर्सव्हिलहून शार्लटपर्यंत, दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत जात असताना. सात महिन्यांनी. घरी आले, गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. हे पत्र आत्ता नाही लिहिलं तर राहूनच जाईल असं वाटलं, म्हणून लगेच बसले. तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. पण मनातलं मला याच भाषेत नीट सांगता येतं, आणि माझ्या माणसांनीही हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचं गॅरेज होतं, त्यामुळे ग्रीसचा वास आणि इंजिनाचा आवाज यांत वाढले. पण स्टॉक कार रेसिंग, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यती, हा प्रकार मला माहीत नव्हता. शार्लटला आल्यावर कळलं की इथे ते घराघरात आहे. आणि तुम्ही, डेल अर्नहार्ट ज्युनिअर, म्हणजे डेटोना ५०० ही त्यातली सर्वांत मानाची शर्यत दोनदा जिंकलेला माणूस, २००४ आणि २०१४ मध्ये. चाहत्यांनी सलग पंधरा वर्षं सर्वांत लाडका ड्रायव्हर म्हणून निवडलेला. आणि त्याच डेटोनाच्या ट्रॅकवर, १८ फेब्रुवारी २००१ ला, शेवटच्या फेरीत ज्याचे वडील गेले तो मुलगा. सात वेळा वर्षाचं विजेतेपद मिळवलेले वडील! त्याच वर्षी जुलैमध्ये तुम्ही परत तिथेच गेलात आणि शर्यत जिंकलात. हे मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं. ते आयुष्यभर रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकायचं काम करत होते. सांगताना त्यांचा गळा दाटून आला होता.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. गेल्या ऑगस्टमध्ये सिग्नलला उभी असताना मागून एक गाडी येऊन धडकली. रक्त नाही, हाड मोडलं नाही. इमर्जन्सीत सीटी स्कॅन झाला, 'सगळं नॉर्मल आहे, घरी जा' म्हणाले. गेले घरी. आणि मग सुरू झालं. चालताना समोरचं सगळं उड्या मारायचं. लॅपटॉप उघडला की मळमळ. देशी दुकानात डाळी घ्यायला गेले तर तूर, मूग, मसूर अशा पिशव्यांच्या रांगा पाण्यात ठेवल्यासारख्या हलायला लागल्या. ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून मी तिथेच उभी राहिले. मागचा माणूस वैतागून बाजूने निघून गेला.

दुसऱ्या डॉक्टरांनी सात-आठ मिनिटं दिली आणि 'स्ट्रेस' लिहून मोकळे झाले. नोकरीत वरच्या माणसाने विचारलं, रिपोर्ट क्लिअर आहे ना, मग अडचण काय आहे? आणि आपली माणसं! 'अमेरिकेत राहून चक्कर कसली येते गं तुला?' हे वाक्य मी फोनवर तीन वेळा, तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नसेल, पण ते अजून लागतं. मला स्वतःलाच संशय येऊ लागला होता की मी नाटक करते आहे का.

स्क्रीन बंद, वाचन बंद. फक्त ऐकणं उरलं होतं. तेव्हा शेजारचे आजोबा कुंपणावरून म्हणाले, ज्युनिअरचा कार्यक्रम ऐक, तो या सगळ्यातून गेलाय.

म्हणून तुमचा 'डेल ज्युनिअर डाउनलोड' हा पॉडकास्ट लावला, खोलीत पडदे ओढून. जुने ड्रायव्हर, मेकॅनिक, टीममालक येतात आणि तुम्ही त्यांना तासन्‌तास बोलू देता. मला निम्मं कळायचं नाही, पण आवाजात घाई नव्हती. तेव्हाच कळलं, २०२२ च्या शरदात अ‍ॅलेक्स बोमन या ड्रायव्हरची गाडी टेक्सासच्या शर्यतीत मागच्या बाजूने भिंतीवर आदळली आणि तो कन्कशनमुळे, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे, पाच शर्यती बाहेर बसला. त्याआधी जुलैत पोकोनोच्या ट्रॅकवर कर्ट बुश या दुसऱ्या ड्रायव्हरचं तसंच झालं होतं, आणि तो तर परतलाच नव्हता. मागून बसलेला दणका! मी उठून बसले. हा बोमन म्हणजे २०१६ मध्ये तुम्ही शेवटच्या अठरा शर्यती मुकलात तेव्हा त्यातल्या दहांमध्ये तुमच्या जागी बसलेला मुलगा.

मग तुमची स्वतःची हकिकत कळली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कॅन्ससला टायरची चाचणी घेताना तुम्ही आदळलात आणि पाचेक आठवडे कुणाला काही न सांगता गाडी चालवत राहिलात. टॅलाडेगाच्या शर्यतीत पुन्हा आदळलात तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलात, आणि विजेतेपदाची चुरस चालू असताना दोन शर्यती सोडल्या. आणि पुढे काही वर्षं तुम्ही रोज काय होतंय ते फोनमध्ये गुपचूप लिहून ठेवत होतात. डोकं कसं आहे, तोल कसा आहे, काय विसरलं. कुणाला न दाखवता.

तुम्ही ते लपवलं होतंत, हेही तुम्हीच जगाला सांगितलंत. माझ्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. ज्याच्या नावाच्या टोप्या लाखो लोक घालतात, त्याने म्हणावं की मी घाबरलो होतो, खोटं बोलत होतो, चोरून लिहीत होतो. त्यात तुम्हाला काय मिळणार होतं? त्या रात्री मी नवऱ्याला माझा फोन दिला आणि सांगितलं, मी बोलते तसं लिही. 'सकाळी दात घासताना भिंत हलली. दुपारी शेजारणीचं नाव आठवेना.' तो लिहीत गेला, आणि मध्येच थांबून म्हणाला, अगं, हे तू मला सांगितलंच नव्हतंस.

तीन आठवड्यांच्या त्या नोंदी घेऊन आम्ही कन्कशनच्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या बाईंनी पूर्ण वाचल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मग समजावलं की स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेलं हाड दिसतं, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. तुमच्या वडिलांच्या मृत्यूनंतर डोकं आणि मान धरून ठेवणारी साधनं सक्तीची झाली, ट्रॅकच्या भिंती मऊ झाल्या, कितीतरी जीव वाचले. पण डोक्याला पट्टा बांधता येतो, कवटीच्या आतल्या मेंदूला बांधता येत नाही.

अंधारात पडून राहू नका, त्या म्हणाल्या. जे जमत नाही तेच थोडं थोडं करायचं, गर्दीत जायचं. पिट्सबर्गच्या डॉ. मिकी कॉलिन्स यांनी तुम्हालाही असंच गर्दीच्या ठिकाणी पाठवलं होतं, म्हणून मला धीर आला. भिंतीवर एक ठिपका लावायचा, नजर त्यावर आणि मान डावीकडे-उजवीकडे. मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला माझी लाल टिकली लावली. दिवसातून पाच वेळा, एक एक मिनिट. सुरुवातीला दहाव्या सेकंदाला टिकलीच्या दोन टिकल्या व्हायच्या आणि मी ओट्याला धरून खाली बसायची.

बाबांची फार आठवण यायची तेव्हा. एकदा गिऱ्हाईक पैसे देऊन गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ब्रेकचं काम आपल्याच हातून नीट झालं नाही. भर पावसात ते स्कूटरवरून त्याच्या घरी गेले, 'चूक माझी आहे, गाडी परत आणा' म्हणायला. गिऱ्हाइकाला कधी कळलंही नसतं. मोठेपणा मोठेपणा म्हणतात तो मी तिथे पाहिला होता, आणि नंतर तुमच्यात पाहिला. असा माणूस शेजारी असो की रेडिओवर, त्याच्यामुळे दुसऱ्याला खरं बोलायची हिंमत येते. तुम्ही तुमचा मेंदूही मृत्यूनंतर संशोधनाला द्यायचं जाहीर केलंत, हे ऐकून मी हात जोडले. खरंच जोडले, स्वयंपाकघरात उभं राहून.

डिसेंबरात मी देशी दुकानातून डाळी आणल्या. जानेवारीत कामावर अर्धा दिवस. आणि काल आय-७७.

टिकली अजून कपाटाला आहे. परवा मुलगी म्हणाली, आई, आता काढू का? म्हटलं, राहू दे. आज सकाळी चहा उकळेपर्यंत मान हलवून बघितली, मिनिटभर. एकच टिकली दिसत होती.

आपली,
उद्यमनगरच्या मेकॅनिकची मुलगी