पॉइंट काढण्याआधी विचारलेल्या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या पंपाचे जुने इंजिन पॉइंटवरून (उघडमीट करून प्लगची ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या जोडीवरून) इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर आणताना आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खाजगी न ठेवता सर्वांसमोर ठेवते आहे, कारण असे एखादे इंजिन ज्यांच्याकडे पडून असेल त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा. शिवाय समोरासमोर आपण आभार मानूच देत नाही, लगेच विषय कार्बोरेटरकडे वळवता, हेही एक कारण आहेच.

आपल्याकडे आले तेव्हा मी निदान करूनच आले होते. थोड्याच काळात पॉइंट दोनदा बदलले होते आणि कंडेन्सरही दोनदा. थंड असताना इंजिन पहिल्या-दुसऱ्या दोरीला सुरू व्हायचे, वीसेक मिनिटे नीट चालायचे, मग झटके खात बंद पडायचे आणि पुरते निवल्याशिवाय पुन्हा दाद द्यायचे नाही. पॉइंट हीच जुनाट भानगड आहे, ती काढून टाकली की कटकट मिटेल, असे मी ठरवून टाकले होते आणि पॉइंटचे काम करणारे नवे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल पिशवीत तयार होते. आपण ते हातातसुद्धा घेतले नाहीत. "पॉइंट काळे का पडतात, ते आधी सांग," एवढेच विचारलेत. मला सांगता आले नाही.

फ्लायव्हील, म्हणजे शाफ्टवरचे जड चाक, काढताना मी पेचकस खाली घालून शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायच्या बेतात होते, तेव्हा आपण न बोलता ते ओढून काढायचे अवजार, पुलर, पुढे केलात. आतली पॉइंटची डबी उघडून भिंग माझ्या हाती दिलेत. एका पॉइंटच्या तोंडावर बारीक खड्डा होता, समोरच्यावर तेवढाच उंचवटा, आणि दोन्हींवर काळपट, चकचकीत थर. तो मी काजळीचा समजत होते. आपण कागदाची पट्टी मधून ओढून मला दाखवलीत, तर ती तेलकट झाली होती.

पुढचा अर्धा तास आपण जे समजावून सांगितलेत, ते मला कोणत्याही पुस्तिकेत इतके सरळ सापडले नव्हते. पॉइंट मिटलेले असताना फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलच्या पत्र्यांसमोरून जाते आणि कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात, प्रायमरीत, करंट वाढत जातो. तो ऐन भरात असताना पॉइंट उघडले की चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात, सेकंडरीत, दहा हजारांहून अधिक व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. उघडणाऱ्या पॉइंटमध्येच ठिणगी पडून करंट रेंगाळू नये म्हणून कंडेन्सर तो घटकाभर स्वतःकडे घेतो. मिटलेल्या पॉइंटपाशी व्होल्टेज इतके कमी असते की तेलाचा पातळ थरही करंटला अडवायला पुरतो. आणि तेल येत होते ते पॉइंट हलवणाऱ्या छोट्या दांडीच्या, प्लंजरच्या, झिजलेल्या भोकातून. थंडपणी ते घट्ट असल्याने आतच राहायचे, इंजिन तापून तेल पातळ झाले की झिरपायचे. माझ्या वीस मिनिटांचे कोडे तिथे सुटले, आणि बदललेले दोन्ही कंडेन्सर निर्दोष होते हेही कळले.

मॉड्यूल थेट बसवले असते तर इंजिन चालले असते, हे आपणही मान्य केलेत. पण जेमतेम सहाशे मिलिलिटर तेलावर चालणारे इंजिन ते तेल फ्लायव्हीलखाली ओकत राहिले असते, आणि पॉइंट काळे पडण्याचा इशाराही उरला नसता. आपण प्लंजर काढून त्या भोकात घट्ट बसेल अशी ॲल्युमिनियमची खुंटी लेथवर करून दिलीत. या सगळ्या कामातली खरी दुरुस्ती मी तिलाच मानते.

त्यानंतरचे जोडकाम मी केले. कॉइलकडून पॉइंटकडे जाणारी तार कापून मॉड्यूलच्या तारेला सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, आणि मॉड्यूलचा पाय जिथे बसतो तिथला रंग खरवडून अर्थिंग पक्के केले. तरी ठिणगी नाही! मॉड्यूल बिघडलेले आले, असे मी जाहीरही करून टाकले. आपण मात्र प्रायमरीची दोन टोके अदलाबदल करायला सांगितलीत: पॉइंट म्हणजे साधे बटण, करंट कोणत्या दिशेने येतो याच्याशी त्याला देणेघेणे नाही, मॉड्यूलमधल्या ट्रान्झिस्टरला मात्र असते, आणि फ्लायव्हीलवरचे चुंबक कोणत्या बाजूने बसवले आहे त्यावर ती दिशा ठरते. टोके बदलली आणि पुढच्याच दोरीला निळी ठिणगी पडली.

कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट लावण्याची आपली रीतही इथे नोंदवते. आमच्या इंजिनाला ती 0.010 ते 0.014 इंच लागते. चुंबक कॉइलसमोर आणून मध्ये जाडसर व्हिजिटिंग कार्ड धरायचे, कॉइलचे स्क्रू सैल करायचे. चुंबक कॉइलला टक्कन कार्डावर ओढून घेते, तसेच स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून कार्ड बाहेर काढायचे. फ्लायव्हील शाफ्टवर जागच्या जागी धरणारी मऊ धातूची चावी अर्धवट कातरलेली निघाली, तेव्हा तिच्या जागी पोलादी चावी घालायला आपण साफ नकार दिलात, कारण मऊ चावी कातरते म्हणूनच शाफ्ट वाचतो. आणि इंजिन बंद करण्याच्या तारेत चुकूनही बॅटरीचे 12 व्होल्ट सोडायचे नाहीत, नाही तर मॉड्यूल त्याच क्षणी जळते, हे आपण मला दोनदा म्हणायला लावलेत.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने 1982 मध्ये आपल्या लहान इंजिनांना मॅग्नेट्रॉन हे पॉइंटविना चालणारे इग्निशन आणले, त्यामुळे हा बदल काही नवा नाही. तरी आपण त्याचे नुसते गोडवे गायला नाहीत, हे मला आवडले. मॉड्यूल गेले की गेले, पॉइंट मात्र कागदाच्या पट्टीने साफ करून पुन्हा चालवता येतात. शिवाय दोरी हळू ओढली तर मॉड्यूल ठिणगी देत नाही, हा अनुभव मी पहिल्याच सकाळी घेतला. म्हणून जुने पॉइंट, कंडेन्सर आणि तो प्लंजर आपण सांगितल्याप्रमाणे एका डबीत तेल लावून ठेवले आहेत.

इंजिन आता सलग तीन तास चालते आणि फ्लायव्हीलखाली तेलाचा थेंब नाही. पण कार्बोरेटरबद्दल आपण जे म्हणत होता ते खरे निघाले: ठिणगी पक्की झाल्यावर आता इंजिन भाराविना चालताना वेगात वरखाली होते, हे स्पष्ट ऐकू येते. यावेळी कार्बोरेटरचा जेट उघडण्याआधी मी इनटेकचे गॅस्केट (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या सांध्यातली पट्टी) पाहिले. ते एका कोपऱ्यात फाटले आहे आणि तिथूनच हवा आत खेचली जाते आहे.

आपली कृतज्ञ,
पंपवाली विद्यार्थिनी