साहेब, हाड मोडायच्या आधी बघा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

२०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवी काढण्याचा विषय लई गाजला होता. नीलमताई गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांवर बायांचा सर्व्हे झाला आणि त्यात १३ हजारांपेक्षा जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी काढायला सिव्हिल सर्जनची परवानगी लागायला लागली, चांगलंच झालं. पण ज्यांची आधीच काढलीय त्यांच्या हाडांचं काय, हे कुणी बघतंय का?

पिशवीसोबत अंडाशयं पण काढली की हाड टिकवणारं इस्ट्रोजेन एकदम जातं, ठेवली तरी ती बऱ्याचदा लवकर थकतात. म्हणजे जी झीज पन्नाशीत सुरू व्हायची ती तिशी-पस्तिशीतच. वर डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं, आणि दूध म्हणाल तर चहापुरतं. हाडाला लागणाऱ्या व्हिटॅमिन डी साठी त्यांना 'उन्हात बसा' सांगू नका बरं का, फडात अंगावर शर्ट अन् डोक्याला फडकं असतं, दिवसभर उन्हात राहून अंगाला ऊन लागतं किती?

आमच्या गल्लीतल्या एक मावशी, पन्नाशीच्या आसपासच्या, ओल्या फरशीवर घसरल्या आणि मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घातलं, नंतर काढलं, कागदावर 'मनगट फ्रॅक्चर' एवढंच. नुसतं उभ्या उभ्या पडून हाड मोडलं म्हणजे हाडच ठिसूळ झालं असायची शक्यता, आणि एकदा असं मोडलं की पुढचं मोडायचा धोका साधारण दुप्पट, हे ना त्यांना कुणी सांगितलं ना घरच्यांना. पुढं खुबा मोडला. आता मावशी खाटेवर आणि सुनेचं काम सुटलं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत पाचातलं एक तरी वर्षभरात जातं असं जगभरातले डॉक्टर सांगतात, तेव्हा हा नुसता हाडाचा प्रश्न नाहीये.

मोठं बजेट मागत नाही. आशाताई तिशीच्या पुढच्यांचा बीपी-शुगरचा फॉर्म भरतातच, त्यात तीन प्रश्न वाढवा, पिशवी काढली का आणि कितव्या वर्षी, साध्या पडण्यानं हाड मोडलंय का, उंची कमी झाल्यासारखी वाटते का. ज्यांचं उत्तर हो येईल त्यांना जिल्हा रुग्णालयात डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजायची तपासणी फुकट, आणि मशीन नसेल तर वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर यावरून धोका काढायची फ्रॅक्स नावाची पद्धत आहे, ती तरी वापरा. प्लास्टर घालणाऱ्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात पन्नाशीपुढच्या पेशंटच्या कागदावर 'हाडांची तपासणी' ही एक ओळ सक्तीची करा. हाडांची झीज कमी करणारी, आठवड्याला एक घ्यायची अॅलेंड्रोनेट गोळी डॉक्टरांनी लिहिली तर ती तालुक्याला मिळायला पाहिजे. ती उपाशीपोटी ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, एवढं समजावून सांगणारं माणूस पण लागेल.

आणि हो, २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ व्हायचा आजार) दिन असतो म्हणून शिबिरं तेव्हाच लावू नका. तेव्हा आमच्याकडं मुकादमाच्या गाड्या भरायची घाई असते, अर्धं गाव कारखान्याच्या वाटेला लागतं. गुढीपाडवा झाल्यावर लावा, बाया गावात सापडतील.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक रहिवासी