हागेनचीही बाजू ऐका

महोदय,
जर्मन दंतकथांवरील आपल्या लेखात सगळं कौतुक ड्रॅगन मारणाऱ्या वीर झिगफ्रीडचंच. वोल्फगांग होलबाइन यांच्या ‘हागेन फॉन ट्रोन्ये’ (१९८६) या कादंबरीचा साधा उल्लेखही नाही! इ. स. १२०० च्या सुमारास रचलेल्या ‘नीबेलुंगेनलीड’ या जर्मन महाकाव्यात झिगफ्रीडला मारणारा हागेन दगाबाज ठरतो. ड्रॅगनच्या रक्तात न्हाऊन झिगफ्रीडचं अंग अभेद्य झालं; पण न्हाताना पाठीला लिंडनच्या झाडाचं पान चिकटलं, तेवढीच जागा कच्ची राहिली. झऱ्यावर तो पाणी प्यायला वाकला आणि हागेनने नेमका तिथेच भाला खुपसला. होलबाइन हीच कथा हागेनच्या बाजूने सांगतात. मी ती शब्दकोश मांडीवर घेऊन, अडखळतच वाचली. ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स शहरात तर झिगफ्रीडचा खजिना नदीत फेकणाऱ्या हागेनचा पुतळाच उभा आहे. खुन्याचा पुतळा, बरं का!

– एक वाचक, सातारा