विषय: सेलर टूर म्हणून काच दाखवली, दोन तिकिटांचे पैसे परत हवेत

नमस्कार मॅनेजर साहेब,

मागच्या रविवारी आम्ही तुमच्या नाशिकच्या वाईन इस्टेटवर आलो होतो, दुपारी 4 ची टूर, चार तिकिटं, 800 प्रमाणे 3200 रुपये आधीच ऑनलाइन भरलेले. चांगलं ते आधी सांगते, डेकवरून धरणाचा व्ह्यू एक नंबर आहे, पण व्ह्यूसाठी आम्ही आलोच नव्हतो, धरण आम्हाला रस्त्यावरून पण दिसतं.

माझे वडील निफाडकडचे, चाळीस वर्षं द्राक्षं करतायत, थॉम्पसन आणि सोनाका, सगळी खायची. वाईनची द्राक्षं कशी तोडतात, पुढे त्यांचं काय करतात हे त्यांना कित्येक वर्षं बघायचंय. अण्णा माळकरी आहेत, आई पण घेत नाही, तरी तुमच्या जाहिरातीत "क्रशिंग सीझन स्पेशल, क्रेटपासून बॅरलपर्यंत सगळं बघा" असं होतं म्हणून मीच त्यांच्या मागे लागले. बुकिंगच्या वेळी फोनवर विचारलं पण होतं, तर म्हणे न पिणाऱ्यांना टूर आणि द्राक्षाचा ज्यूस, तिकीट मात्र तेवढंच. बरं म्हटलं. ऐन फेब्रुवारीत स्वतःच्या बागेत तोडणी चालू असताना, व्यापाऱ्याची गाडी भावावर सोडून, इस्त्रीचा शर्ट घालून ते आले.

4 ची टूर 4:40 ला सुरू झाली. तोवर गेटजवळ शिराझच्या, म्हणजे रेड वाईनच्या द्राक्षांच्या, क्रेट भरलेला ट्रॅक्टर उभा होता, अण्णा लगेच तिकडे. करवंदाएवढे मणी, जाड साल, आत बिया. एक मणी त्यांनी उचलून चिरडला तर वॉचमन अंगावर ओरडला, "ओ बाबा, हात नका लावू." ठीक आहे, माल तुमचा, चूक आमची, पण साठीच्या माणसाशी बोलायची काही पद्धत असते की नाही?

मग टूर. पंचवीस माणसं, त्यातली दहा-बारा बॅचलर पार्टीवाली, आणि गाईड पोरगा सगळं इंग्रजीत पाठ केलेलं म्हणत होता. क्रशिंगचं मशीन "आज काम चालू आहे म्हणून बंद" (काम चालू असतं तेव्हाच बघायचं असतं ना हो?), टाक्या लांबून, आणि सेलर म्हणजे काचेच्या पलीकडे बॅरलच्या दोन रांगा, समोर दोरी, तिथे सगळ्यांचे सेल्फी. बारा मिनिटांत संपलं, मी घड्याळ लावून सांगतेय.

अण्णांनी विचारलं, किती ब्रिक्सला (म्हणजे द्राक्षात किती साखर भरली की) तोडता, आमच्याकडे 18 ला गाडी भरते. तर म्हणे, "काका, ते सिक्रेट आहे." अहो वाईनची द्राक्षं साधारण 22 ते 24 ला तोडतात हे गुगलवर पण आहे, त्यात कसलं सिक्रेट? मग त्याने सांगितलं की रेड वाईनला लाल रंग बॅरलच्या लाकडामुळे येतो. अण्णा काही बोलले नाहीत, नुसता हात पुढे केला. मघाचा मणी चिरडलेला, अंगठा आणि बोट जांभळं. म्हणाले, "आतला रस तर पांढराच होता रे पोरा, रंग सालीत आहे." पोरगं हसलं आणि पुढच्या ग्रुपकडे गेलं. रेड वाईन सालीसकट आंबवतात, व्हाईटला साली आधीच वेगळ्या करतात, एवढं तरी ट्रेनिंग द्या हो त्याला, तो चिडून बोलला नाही म्हणून त्याच्यावर माझा राग पण नाही.

टेस्टिंगचं थोडक्यात सांगते कारण ते मी आणि मिस्टरांनीच केलं. पाच वाईन कबूल, आल्या चार. पाचवी कुठंय विचारलं तर "संपली सर", विचारलं मी होतं. शनँ ब्लाँ ही व्हाईट वाईन खरंच छान थंडगार होती. पण रेडची बाटली डेकवर उन्हात ठेवलेली, ग्लास कोमट लागत होता, आणि वर ऐकवलं की रेड रूम टेम्परेचरलाच पितात. ते रूम टेम्परेचर म्हणजे 16 ते 18 डिग्री, नाशिकच्या दुपारचं नाही. आणि द्राक्षाच्या ज्यूसऐवजी आई-अण्णांना काय मिळालं, तर आंब्याच्या ज्यूसचा टेट्रापॅक! द्राक्षाच्या मळ्यात बसून! आईने तो पर्समध्ये टाकला, नातवासाठी.

तर आई-अण्णांच्या दोन तिकिटांचे 1600 परत करा, आमच्या दोघांचे ठेवा. आणि दुसरं, हे मला पैशापेक्षा जास्त हवंय, तुमचं क्रशिंग संपायच्या आत एका सकाळी अण्णांना तुमच्या वाईनमेकरबरोबर अर्धा तास आत सोडा, वाईन नको, ज्यूस नको. अण्णांचा माल येत्या आठवड्यात संपतोय, नंतर कधीही जमेल. फोन बुकिंगवरच्या नंबरवर मलाच करा, त्यांना नको, ते "जाऊ द्या साहेब" म्हणून ठेवून देतील.