पेटीवरचं नाव आणि बाकीची कामं

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम विचारता आणि निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथल्या, जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या, माझ्या शिक्षणाची आणि राहण्याची व्यवस्था एकदा सविस्तर लिहिते. कागद आणि पैसे बाबांसाठी आधी, स्वयंपाकघर नंतर. आई, तू उलटं वाचलंस तरी चालेल.

इथे सगळं पत्त्यापासून सुरू होतं. राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा, ही व्यक्ती अमुक तारखेला राहायला आली, असा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. बहुतेकांची खेप तिथेच फुकट जाते. या नोंदणीचा कागद मिळाला की बँक आणि राहण्याचा परवाना ही कामं पुढे सरकतात. कर क्रमांकही त्यानंतरच, आणि तो येतो पोस्टाने.

आता पोस्टाचं. इथे इमारतींत फ्लॅट नंबर सहसा नसतात. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो आणि नाव दिसलं नाही तर पत्र सरळ परत पाठवतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात, आरोग्यविम्याचं कार्ड तिसऱ्यात, म्हणजे चिठ्ठी चिकटवायला उशीर झाला की तिन्ही लटकतात. पार्सल पाठवाल तेव्हा आडनाव पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने लिहा. बाबांचं नाव मध्ये घातलंत तर चालेल, पण आडनाव ठळक हवं. घर क्रमांक रस्त्याच्या नावानंतर आणि पिनकोड शहराच्या आधी येतो. वसतिगृहाचा खोली क्रमांकही घाला.

पार्सलमध्ये तूप, पेढे, बर्फी नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून आणायला बंदी आहे. औषधंही पोस्टाने चालत नाहीत, क्रोसिनची पट्टीसुद्धा नाही. चकली, चिवडा, गोडा मसाला बिनधास्त पाठवा. घरून घरी पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत असेल तर जकात लागत नाही, पण फॉर्मवर प्रत्येक वस्तू आणि तिची किंमत लिहावी लागते. नुसतं 'खाऊ' लिहिलं की पार्सल कस्टमकडे अडकतं.

पैशांचं असं. ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरलेत, त्यातले महिन्याला ९९२ सुटतात. म्हणून बाबा, तुम्ही दर महिन्याला काही पाठवू नका. ओढाताण फक्त पहिल्या महिन्यात होते. पत्ता आणि चालू खातं होईपर्यंत त्यातलं काहीच हाती येत नाही, आणि भाडं, डिपॉझिट, गादी, भांडी सगळं नेमकं तेव्हाच. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असतं. विमा महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. रेडिओ-टीव्हीची वर्गणी १८.३६, घरात टीव्ही असो वा नसो. ती माणशी नसते, घरटी असते, त्यामुळे फ्लॅटमध्ये एकाने भरून बाकीच्यांनी वाटून घ्यायची. तिचं पत्र जाहिरात समजून फेकलं तर दंडासकट पुन्हा येतं. हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो फीही घेतं. बहुतेक राज्यांतली सरकारी विद्यापीठं ती घेत नाहीत, पण विषय इथे होता.

आई, कुकर. काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शनवर नाही. बुडाला फ्रिजवरचं चुंबक चिकटलं तर इंडक्शनला चालणार. फोडणीचं मात्र जपावं लागतं, छताला धुराची घंटा असते. तेल धुरावेपर्यंत तापू द्यायचं नाही, मोहरी पडली की लगेच झाकण, खिडकी आधीच उघडी. घंटा काढून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. काही वसतिगृहांत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते आणि बंब आल्याचं बिल अंगावर येऊ शकतं.

पिठाच्या पुडीवर नंबर असतो. ४०५ म्हणजे आपला मैदा, त्याची पोळी रबरासारखी होते. नंबर जितका मोठा तितका कोंडा जास्त. १०५० ची पोळी जमते, कणीक थोडी जास्त वेळ मुरू द्यायची. भारतीय दुकानात आटा मिळतोच, पण महाग. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच.

थंडीत खिडक्या बंद ठेव म्हणतेस, ते इथे उलटं पडतं. भाताची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांची ओल थंड भिंतीवर धरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. तिचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाऊ शकतो. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गारठते आणि उलट ओल धरते. हीटरची कळ ३ वर म्हणजे साधारण २० अंश, पुरेसं असतं.

इथल्या जुन्या इमारतींत जिना झाडायची पाळी असते, केअरवोखे. दारावर पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. शेजारी बोलत नाहीत, पण बघतात.

ताप आला तर आधी नेहमीचा डॉक्टर. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री-सुट्टीला ११६११७ वर फोन, गंभीर असेल तर ११२ वर. परीक्षेच्या दिवशी आजारपण आलं तर डॉक्टरचा दाखला लगेच द्यावा लागतो. गुणांबद्दल आधीच सांगते: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. १.७ ऐकून शेजारच्या काकूंना वाईट बातमी देऊ नका. परीक्षेला नावही वेगळं नोंदवावं लागतं, ती मुदत हुकली की बसताच येत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं. रात्री नऊला फोन करा, इथे साडेचार असतील.

सुट्टीच्या तिकिटाची घाई करू नका. व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, पण त्याचं कार्ड कधी येईल ते कार्यालय सांगत नाही. कार्ड किंवा परतीला चालेल असा तात्पुरता कागद हातात नसताना देश सोडला तर परत येताना अडचण होते. कार्ड आलं की तारखा कळवते, मग बाबा, विमानाचं तुम्ही बघा.

तुमची लेक