चिमीच्या बोटात अडकलेला कापूस

ता. आर्वी, जि. वर्धा
पौष, रविवार

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तुला रडू आवरेना आणि मलाही नीट काही सांगता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आपली इवलीशी पोपटीण चिमी बरी आहे. आज सकाळी तिने राळे खाल्ले, सांबाराची (कोथिंबिरीची) काडी कुरतडली आणि दुखऱ्या पायावर क्षणभर का होईना, भार दिला. परीक्षा सोडून धावत येण्यासारखे काही नाही. मात्र संक्रांतीनंतर तू तिला नागपूरला तुझ्या खोलीवर नेणार आहेस, तेव्हा काय झाले आणि पुढे काय पाहायचे, हे तुला पुरते ठाऊक असले पाहिजे.

यंदा वेचणीचा कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरला आहे. थंडी वाढली तशी आजीला चिमीची दया आली आणि तिने पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मूठभर कापूस ठेवला. आजीने मायेने केले. मी ते पाहिले आणि काढून टाकले नाही, ही चूक माझी. दोन दिवसांनी चिमी एका पायावर उभी दिसली. पक्षी झोपताना एक पाय पोटाच्या पिसांत घेतोच, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले; पण जागेपणी, दाण्याच्या वाटीकडे जातानाही ती तो पाय टेकवीत नव्हती आणि सारखी चोच खुपसत होती, तेव्हा मनात चर्र झाले.

मी दार-खिडक्या लावल्या, पंखा बंद असल्याची खात्री केली आणि तिला जुन्या मऊ पंच्यात धरले. धरताना मान दोन बोटांत सैल ठेवायची आणि छाती अजिबात दाबायची नाही, हे लक्षात ठेव; पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड हलले तरच त्याला श्वास घेता येतो. बाबांच्या भिंगातून पाहिले तर तिच्या पुढच्या दोन बोटांपैकी बाहेरच्या बोटाला कापसाचा पीळ पडलेला तंतू दोन वेढे घालून बसला होता. वेढ्याच्या वर बोट नेहमीचे फिकट होते आणि खाली सुजून लालजांभळे झाले होते. ते काळे आणि थंड पडले असते किंवा तंतू कातडीत रुतला असता, तर मी हात न लावता तिला तडक दवाखान्यात नेले असते.

पाणी उकळून कोमट होऊ दिले आणि त्यात मीठ घातले. एका लिटरला ९ ग्रॅम हे प्रमाण आहे, म्हणजे पाव लिटरच्या पेल्याला अर्ध्या लहान चमच्याहून थोडे कमी. त्या पाण्याने बोट भिजवल्यावर तंतू सैल झाला. माझ्याकडून घाईत तो एकदा ओढला गेला आणि रक्ताचा थेंब आला. ती केवढ्याने ओरडली! मग नखे कापायच्या बारीक कात्रीचे टोक कातडीपासून दूर धरून एकेक वेढा कापला. ओढायचे नाही, कापायचे. स्वच्छ गॉझची घडी दोन मिनिटे हलकेच दाबून धरताच रक्त थांबले. तिचे वजन जेमतेम ३५ ग्रॅम असेल आणि अंगात रक्त सुमारे ३ मिलिलिटर, म्हणून तिच्या बाबतीत पाच-सहा थेंबही थोडे नव्हेत. नख तुटून रक्त आले तर मक्याचे पीठ दाबता येते, पण ते फक्त नखाला, उघड्या जखमेत नाही.

आजी तेल-हळद घेऊन उभीच होती. मी तिला समजावले की तेलाने पिसे चिकटतात, मग अंगाची ऊब टिकत नाही, आणि लावलेले सगळे चोचीने पोटात जाते. आपली मलमे, विशेषतः बधिर करणारी, तसेच डोकेदुखीच्या गोळ्या तिला कधीही देऊ नकोस. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून दिवसातून दोनदा टिपते आणि पाय कोरडा करते. पट्टी बांधली नाही. ती सोडवण्याच्या नादात चिमी बोट आणखी दुखवून घेईल.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला, तेव्हा डॉक्टरांनी आधी पक्षी कोणता ते विचारले. लोक तिला लव्हबर्ड म्हणतात, पण ती ऑस्ट्रेलियातली बजरीगर, हे तुझ्यामुळे मला ठाऊक होते. आपल्याकडचा मिठू पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे ऐकून आजीला फार नवल वाटले. तिच्या माहेरी तो घरोघरी असे. डॉक्टरांनी ऊब आणि विश्रांती द्यायला सांगितले. म्हणून दांड्या तळापासून चार बोटांवर आणल्या, तळाला साधा कागद घातला, दाणा-पाणी जवळ ठेवले आणि पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बाहेरून जुना पिवळा दिवा लावला, म्हणजे गरम झाले तर तिला दुसरीकडे सरकता येते. नव्या एलईडी दिव्याने अशी ऊब मिळत नाही. चुलीचा धूर तिला सोसत नाही, म्हणून पिंजरा आता देवघराशेजारी आहे.

तू नेशील तेव्हा रोज सकाळी बोटाचा रंग पाहा. सूज वाढली, बोट काळे पडले, पाय लोंबू लागला, ती पिसे फुगवून तळाशी बसली किंवा तिने खाणे सोडले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस. पक्षी दुखणे लपवतो आणि ते दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे तुला आमच्यासारखी एस.टी.ची वाट पाहावी लागणार नाही.

बाबांनी गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून जामाच्या (पेरूच्या) फांद्या घासून, धुऊन, वाळवून बसवल्या आहेत. कुठे जाड, कुठे बारीक अशा दांडीवर तळपायाच्या एकाच जागी भार येत नाही; तसा तो सतत आला की तिथे घट्टे आणि फोड होतात. नुसत्या दाण्यावर पाळलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि पायाची कातडी कमजोर होते, म्हणून शेवग्याचा पाला आणि किसलेले गाजर रोज थोडे देते. गाजर ती अजून ओढून खाली टाकते, पण पाला खाते.

येताना एक ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान काटा घेऊन ये. इथल्या किराणा दुकानातल्या काट्यावर ती चढली तरी आकडा हलत नाही, आणि वजन उतरले तर ते आपल्याला डोळ्यांनी कळणार नाही. कापसाची खोली आम्ही बंद ठेवतो. आजी रोज संध्याकाळी पिंजऱ्यापाशी बसून तळाच्या कागदावर एखादा तंतू पडला आहे का ते बोटाने चाचपून पाहते.

तुझी,
आई