निवृत्तिवेतनाची दाद मुदतीत मागा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. उपदान (ग्रॅच्युइटी) किंवा निवृत्तिवेतन अडले की अनेक सरकारी कर्मचारी वर्षानुवर्षे केवळ स्मरणपत्रे पाठवत राहतात आणि त्यातच त्यांचा घात होतो. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ नुसार अंतिम आदेशापासून एका वर्षात, किंवा निवेदनाला सहा महिन्यांत उत्तर न आल्यास त्यापुढील एका वर्षात न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो आणि पुन्हा पुन्हा केलेल्या पत्रव्यवहाराने ही मुदत वाढत नाही. विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. दरमहा कमी मिळणारे निवृत्तिवेतन ही चालू राहणारी हानी, म्हणजे दरमहा नव्याने होणारा अन्याय, मानली जाते आणि त्यामुळे उशिराही दाद मागता येते हे खरे. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानुसार थकबाकी साधारणपणे तीन वर्षांपुरतीच मिळते.

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, हे याच न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्ट केले होते. चुकीच्या वेतननिश्चितीमुळे जादा दिलेली रक्कम निवृत्तांकडून वसूल करण्यासही २०१४ च्या निकालाने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. तरीही उपदानातून अशी कपात होते, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र दिले असल्यास २०१६ च्या निकालामुळे बाजू कमकुवत होते, म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी सेवापुस्तकाची प्रत मिळवून ते हमीपत्र आधी तपासावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कर्मचारी